ऑर्म्सबीचा माणूस

लोरेंझ फाल्टरनं एकोणतीस वर्षांत एकदाही 'गाडी बिघडली' असं म्हटलं नव्हतं. म्हणजे बिघडायच्या हो, चांगल्या सपाटून बिघडायच्या. लोखंडच ते, झिजणार, तडकणार. पण ऑर्म्सबी कंपनीचा नियमच तसा होता. ऑर्म्सबी बिघडत नाही, फार तर जराशी थांबते. थांबली की बफेलोच्या कारखान्यातून माणूस येतो, मागच्या दारानं आत शिरतो, कोट काढतो, गाडीखाली आडवा होतो आणि तासा-दोन तासांनी हात पुसत मालकिणीपुढं उभा राहून सांगतो, "गाडी ठीक आहे, बाईसाहेब." काय झालं होतं ते सांगायचं नाही. विचारलं तरी नाही. हे सगळं छापील कागदावर होतं आणि गावोगाव पाठवायच्या प्रत्येक कारागिराकडून तो कागद घोकून घेतला जायचा. लोरेंझनं तो इतका घोकला होता की घरी त्याच्या बायकोच्या शिवणयंत्राचा पट्टा तुटला तेव्हासुद्धा, "यंत्र जरा थांबलंय," असंच तो म्हणाला. मिन्नानं त्याला तो पट्टा फेकून मारला होता.

कंपनीचा मूळ मालक म्हातारा जेबेझ ऑर्म्सबी. तो आधी घोडागाड्यांचे कंदील करायचा. १९०३ साली त्याच्या डोक्यात मोटारीचं वेड शिरलं, आणि वेड म्हणजे कसलं, इंजिन तयार झालं की तीन दिवस चालवायचं, मग पार सुटं करायचं, एकेक तुकडा भिंगातून बघायचा आणि पुन्हा जोडायचं. रंगाचे सोळा हात, प्रत्येक हातानंतर चार दिवस वाळवण. वॉर्निशच्या खोलीत कुणाला शिंक आली तर तो जीव मुठीत धरून बाहेर पळायचा. सगळ्या अमेरिकेनं स्टिअरिंग डाव्या हाताला नेलं तरी म्हातारा उजवीकडेच अडून बसला, का तर ड्रायव्हरला थेट फुटपाथवर उतरून मालकिणीचं दार उघडता यावं. पोलादवाले, जहाजवाले, बँकांचे मालक दारात उभे असायचे आणि म्हातारा त्यांना आठ-आठ महिने ताटकळत ठेवायचा. बफेलोच्या पूर्व भागात, आमच्या जर्मन वस्तीत, लेकीसाठी मुलगा बघताना तो ऑर्म्सबीत आहे एवढं कळलं की बाकीची चौकशी आटोपायची.

मग ज्या गोष्टीनं नाव केलं तिनंच गळा धरला. गाडी मरेचना. एकदा घेतली की माणूस वीस वर्षं परत तोंड दाखवायचा नाही, आणि तोंड दाखवायची वेळ आली तर फुकटात लोरेंझ जाऊन ती पुन्हा उभी करायचा. म्हातारा गेला. मुलांना कारखान्यापेक्षा घोड्यांच्या शर्यतीत रस, त्यांनी तो विकून टाकला. ज्यांनी घेतला त्यांनी एक स्वस्त गाडी काढून बघितली, तिच्यावर तोच चकचकीत कंदील लावला, आणि जुनी गिऱ्हाइकं नाक मुरडून गेली ती गेलीच. त्यावर एकोणतीस साली शेअरबाजार कोसळला. पुढं छत्तीसमध्ये यंत्रांचा लिलाव झाला आणि वॉर्निशच्या खोलीत कुणीतरी कोंबड्या पाळल्या. पण ही गोष्ट त्याच्या आधीची, चौतीस सालच्या एप्रिलातली.

त्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रेंटिससाहेबानं गावोगाव फिरणाऱ्या पाचही कारागिरांना आत बोलावलं. हा प्रेंटिस नव्या मालकांनी आणलेला. त्याआधी तो झाडलोटीची विजेची यंत्रं विकायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. तेव्हा कोण थकलेलं नव्हतं?

"तुम्ही लोक कंपनी पुरताय," तो म्हणाला. "समजतंय का? तुम्ही नीट करून आलेली प्रत्येक जुनी गाडी म्हणजे आपली न खपलेली एक नवी गाडी."

गाड्या अशा नीट करण्यासाठीच त्यांना आजवर शाबासकी मिळाली होती.

"महिनाअखेरपर्यंत प्रत्येकी एका नव्या गाडीची मागणी आणा. नाही आली तर हा विभाग बंद. कशी आणायची ते मी सांगणार नाही. तुम्ही काय लहान आहात?"

बाहेर आल्यावर गुस्टाव वेंट, पाचांतला सगळ्यात म्हातारा, पाइप पेटवत म्हणाला, "इतकी वर्षं मेलेल्या गाडीला जिवंत म्हणालो. आता जिवंत गाडीला मेली म्हणायचं. काम तेच आहे रे, तोंड फक्त उलटं करायचं."

"गंमत सुचतेय तुला," लोरेंझ म्हणाला.

"नाहीतर काय रडू? माझ्या वयाला रडलेलं शोभत नाही."

घरी लोरेंझनं हे सांगितलं तेव्हा मिन्ना डुकराच्या मांसात आंबट कोबी ढवळत होती. वरच्या मजल्यावर त्यांची लेक राहायला आली होती, नवरा आणि दोन पोरांसकट. जावयाची गिरणीतली नोकरी जाऊन चौदा महिने झाले होते. सकाळी उठून तो दाढी करायचा, टोपी घालायचा, आणि दुपारी तसाच परत यायचा.

"मग आण की एक मागणी," मिन्ना म्हणाली.

"कुणाकडून आणू? खोटं सांगावं लागेल."

"तू कधी खरं सांगितलंस त्या बायांना?" ती डाव न थांबवता म्हणाली. "बस जेवायला. पोरांच्या आधी तू घे, नाहीतर तुझ्या ताटात नुसती कोबीच राहील."

त्याच आठवड्यात डेमरेस्टबाईंचं पत्र आलं. ऑबर्नजवळ, ओवास्को तळ्याच्या काठी त्यांचं मोठं पांढरं घर होतं. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विधवा, एकट्या. गाडी चौदा सालची, गडद हिरवी. पत्रात लिहिलं होतं की गाडी ताशी तीस मैलांच्या पुढं गेली की मागून काहीतरी वाजतं, मॅलकीला ते सापडत नाही, तरी फाल्टरना पाठवावं, दुसरं कुणी नको.

मॅलकी टिअर्नन हा त्यांचा ड्रायव्हर. आयरिश, साठीला टेकलेला, बिनलग्नाचा, कोचखान्यावरच्या खोलीत राहणारा. गाडी नवी असताना तो बफेलोला येऊन कारखान्यातल्या ड्रायव्हरांच्या वर्गात सहा आठवडे शिकला होता आणि त्याला शिकवणारा लोरेंझच होता. तेव्हापासून दोघांची दोस्ती. मॅलकी त्याला घ्यायला ऑबर्न स्टेशनवर आला तो त्याच गाडीतून.

"काय रे जर्मन्या, अजून जिवंत आहेस?"

"तुझ्या हातची गाडी जिवंत राहते, तर मला काय धाड भरलीय?"

"ऐक आता," मॅलकी म्हणाला, आणि सरळ रस्त्याला लागल्यावर त्यानं वेग वाढवला. मागून एक बारीक, किणकिणता आवाज यायला लागला. "गेले दोन महिने हे चाललंय. मागचा आस खोलला, परत लावला. कान गेले माझे, दुसरं काय. बाईंना वाटतं गाडी म्हातारी झाली. मी म्हटलं, गाडी म्हातारी झाली तर तुम्ही-आम्ही काय आहोत?"

लोरेंझ हसला नाही. मागणीचा छापील कागद त्याच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, घडी करून ठेवलेला होता.

कोचखान्यात तो गाडीखाली शिरला आणि त्याला पाच मिनिटांत सापडलं. ब्रेकचा लांब दांडा जिथं एका पट्टीत अडकवलेला असतो, तिथला एक नट जरासा सैल झाला होता. बस, एवढंच. वेग वाढला की दांडा पट्टीवर टिचक्या मारायचा. बाकी गाडी अशी होती की बघत राहावं. मॅलकीनं खालच्या बाजूलासुद्धा तेलाचा हात फिरवलेला होता.

तो तसाच पाठीवर पडून राहिला. जमीन गार होती. त्याच्या डोळ्यांपुढं घरचा जावई आला, टोपी घातलेला. मग तो बाहेर सरकला, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला.

डेमरेस्टबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी चष्मा काढला. त्या नेहमीसारखं "ठीक आहे ना?" म्हणणार, एवढ्यात लोरेंझच बोलला.

"बाईसाहेब, तिचं आता काही होणार नाही."

लोरेंझला वाटलं, विचारतील काय झालंय, भांडतील, दुसरा माणूस बोलवा म्हणतील. त्यानं मागच्या आसाबद्दल चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पण बाईंनी काहीच विचारलं नाही.

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी असं म्हणाला नाहीत."

"नवं मॉडेल फार चांगलं आहे, बाईसाहेब. मी कागद आणलाय सोबत..."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, फाल्टर. मी काय नव्या गाडीत बसून नाचायला जाणार? रविवारी चर्च आणि महिन्यातून एकदा स्मशान. शेजारीण नेईल मला." त्यांनी चष्मा परत लावला. "गावचा अग्निशामक दलवाला दोन वर्षं मागे लागलाय. सांगाडा भक्कम आहे म्हणतो, वरचं कापून शिडी नि पंप बसवू म्हणतो. त्याला कळवते, मेच्या एक तारखेला घेऊन जा. आणि मॅलकी बिचारा किती वर्षं अडकून पडलाय इथं. त्याची बहीण आहे ट्रॉयला. तिच्याकडे जाईल."

मॅलकीची बहीण ट्रॉयला दोन खोल्यांत सात माणसांसह राहत होती. मॅलकी तिला नाताळात पैसे पाठवायचा. बाईंना हे माहीत नव्हतं. लोरेंझला माहीत होतं. पण तो "बरं, बाईसाहेब," म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला. लाज वाटली त्याला, पण त्याहून जास्त वाटला तो शीण. मागणीही गेली होती, आणि शब्दही.

बाईंनी मॅलकीला आत बोलावून सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं, तरी त्यानं लोरेंझसाठी दार उघडून धरलं. स्टेशनपर्यंत पोचवायचं होतं. दोघं निघाले. तळ्याच्या कडेचा रस्ता, मग सरळ रस्ता. मॅलकीचा पाय सवयीनं खाली गेला. पस्तीस मैल. चाळीस.

काहीही वाजत नव्हतं.

मॅलकीनं वेग कमी केला, परत वाढवला. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आवाज कुठं गेला?"

लोरेंझनं आपल्या हातांकडं बघितलं. गाडीखाली पडल्या पडल्या त्यानं तो नट आवळला होता. कधी आवळला ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. डोकं खोटं काय बोलायचं ते ठरवत होतं, आणि हातांनी तेवढ्यात आपलं काम उरकून टाकलं होतं.

"नट होता," तो म्हणाला. "ब्रेकच्या दांड्याचा."

"नट."

"पाव फेरा."

"मी दोन महिने शोधत होतो," मॅलकी म्हणाला. "आणि तू पाव फेऱ्यात माझी नोकरी घालवलीस. वस्ताद आहेस तू, खरंच."

लोरेंझनं त्याला प्रेंटिसचं सांगितलं, जावयाचं सांगितलं. मॅलकीनं सगळं ऐकून घेतलं.

"मग चल मागे. सांग तिला. संध्याकाळच्या आगगाडीनं जा."

"साहेबाला कळलं तर?"

"कळू दे की."

"तुला सोपं आहे बोलायला."

"मला?" मॅलकी म्हणाला. "मला काय सोपं आहे रे?"

स्टेशन आलं. लोरेंझ आगगाडीत चढला. मॅलकीनं त्याची पिशवी वर दिली आणि म्हणाला, "मीच सांगतो तिला." लोरेंझ म्हणाला, "सांग." आणि खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी हायसं वाटलं, की परस्पर निस्तरतंय.

तिसऱ्या दिवशी मॅलकीचं कार्ड आलं. "सांगितलं. ती म्हणाली, फाल्टर खोटं का बोलेल? तुला नोकरीची भीती वाटते, त्यात काही चूक नाही, असंही म्हणाली. तुझं फार वजन आहे बाबा. मी वीस वर्षं दार उघडलं आणि तू दहादा गाडीखाली झोपलास, पण शब्द तुझाच चालतो."

मग मात्र लोरेंझनं स्वतः पत्र लिहिलं. दोन संध्याकाळी लागल्या. त्यानं नटाचं लिहिलं, गाडी अजून वीस वर्षं चालेल असं लिहिलं, चूक झाली, माफ करा असं लिहिलं. फक्त का खोटं बोललो ते लिहिलं नाही, कारण कंपनीचा कागद होता आणि महिना अजून संपला नव्हता.

उत्तर उलट टपालानं आलं, बाईंच्या तिरप्या अक्षरात. "तुमचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. मॅलकीनं तुम्हाला गळ घातली असणार आणि तुम्ही भिडेनं हे लिहिलंत. समोर उभं राहून जे बोललात तेच खरं, हे मला कळतं. त्याची काळजी करू नका, मी त्याला चांगलं शिफारसपत्र देणार आहे."

मिन्नानं ते पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "तुम्ही लोकांनी बायांना चांगलं तयार केलंय," ती म्हणाली. "आता खरं सांगितलं तरी पचत नाही त्यांना."

सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, प्रेंटिससाहेबानं विभाग बंद केला. पाचांपैकी कुणालाच मागणी मिळाली नव्हती. गुस्टावनं तर प्रयत्नच केला नव्हता, तो तीन आठवडे मासे धरत होता. प्रत्येकाशी हात मिळवताना साहेबाचा स्वतःचाच आवाज चिरकत होता. लोरेंझ पान्यांची पिशवी घेऊन घरी आला, शनिवारभर अंगणातल्या पायरीवर बसून राहिला आणि रविवारी सकाळच्या आगगाडीनं ऑबर्नला गेला. नोकरी गेल्यावर खरं बोलायला कुणाचं काय जातं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्याच्यासारखे बरेचजण पायरीवरच बसून राहिले असते.

तो स्टेशनपासून चालत गेला. बाई नुकत्याच चर्चहून आल्या होत्या, गाडी दारात उभी होती, मॅलकी तिच्या काचा पुसत होता. मंगळवारी ती जायची होती. मॅलकीनं त्याला बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं मान हलवली.

बाई टोपी न काढताच बसल्या होत्या. लोरेंझनं या वेळी पाठ केलेलं काही नव्हतं.

"बाईसाहेब, मी तोंडावर खोटं बोललो. गाडीला काही झालेलं नाही. नवी गाडी विकायची होती म्हणून बोललो. मॅलकीनं मला काही लिहायला लावलं नाही. परवापासून मी कंपनीत नाही, म्हणजे आता मला कुणाची भीती नाही. आता तरी खरं माना."

या वेळी बाईंनी मानलं, हे त्याला दिसलं. सुटलो, असं त्याला वाटलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय, बाईसाहेब?"

"खोटं कधीपासून बोलताय? याआधी नऊदा आलात. दर वेळी म्हणालात, गाडी ठीक आहे. सोळा साली काय झालं होतं?"

"स्टिअरिंगचा एक सांधा सैल होता."

"स्टिअरिंगचा. आणि एकोणीस साली?"

"ब्रेकचा दांडा वाकला होता. बदलला. बदलल्यावर ठीकच होती, बाईसाहेब. कंपनीचा नियम होता, मालकांना दोष सांगायचा नाही."

"आणि एकवीसच्या ऑक्टोबरात?"

हे आधी सांगायचं राहिलं, कारण लोरेंझच्याही मनात ते त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं. बाईंचे यजमान आर्थर डेमरेस्ट त्या ऑक्टोबरात गेले. गुरुवार होता, मॅलकीची सुट्टी, म्हणून ते स्वतः गाडी घेऊन निघाले. दुपारचे दोन वाजलेले, रस्ता कोरडा आणि सरळ, आणि गाडी सरळ तळ्यात. घोडे लावून ती बाहेर काढली आणि कारखान्यानं लोरेंझला पाठवलं. त्यानं तीन दिवस तिचा सांधा न् सांधा सुटा करून बघितला होता. काही नव्हतं. स्टिअरिंग ठीक, ब्रेक ठीक, चाकं ठीक. बाईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, ब्रेक लागत होते का, आणि तो म्हणाला होता, लागत होते. त्यावर त्या "बरं," म्हणाल्या. ब्रेक लागत होते, म्हणजे आर्थरनी तो दाबलाच नव्हता. गाडीचा दोष नाही म्हटल्यावर तिला टाकायचं कशाला, म्हणून ती परत जोडून घेतली, आणि तेरा वर्षं तिच्यातच बसून दर महिन्याला त्यांच्या थडग्यावर जात राहिल्या.

"तेव्हा काही नव्हतं," लोरेंझ म्हणाला. "ते मी खरं सांगितलं होतं."

"नियम तेव्हाही होता ना?"

"होता."

"मग तुम्ही वेगळं काय सांगणार होतात?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते आणि त्या जराशा पुढं झुकल्या होत्या.

"तेरा वर्षं लोक माझ्यासमोर हळू बोलतात, फाल्टर. पाद्रीसुद्धा. आर्थरना बँकेचं देणं नव्हतं, तब्येत बरी होती. सकाळी अंडी उकडून मागितली त्यांनी माझ्याकडे. मी अजून शोधतेय की त्या सकाळी मी काय कमी-जास्त बोलले." त्यांचा आवाज खाली आला. "आता तुम्ही कंपनीत नाही. आता खरं सांगा. दोष होता ना?"

लोरेंझला त्या गाडीचा सांधा न् सांधा आठवत होता. चिखल धुऊन एकेक तुकडा त्यानं कापडावर मांडला होता. आयुष्यात इतक्या काळजीनं त्यानं काही तपासलं नव्हतं, आणि त्या तीन दिवसांचा त्याला मनातून अभिमान होता. दुसरं त्याच्यापाशी राहिलंच काय होतं?

"होता, बाईसाहेब," तो म्हणाला. "ब्रेकचा दांडा निखळला होता."

बाई आणखी पुढं झुकल्या.

"त्यांनी ब्रेक दाबला होता. लागला नाही. पेडलची लोखंडी पट्टी वाकली होती, इतक्या जोरानं दाबला होता त्यांनी."

"दाबला होता," बाई म्हणाल्या.

"पूर्ण ताकदीनं."

मग त्या रडल्या. टोपी तशीच डोक्यावर, हातरुमाल न शोधता, लहान पोरीसारख्या. लोरेंझ उभा राहिला. त्याला पाणी द्यावंसं वाटलं, पण भांडी कुठं असतात ते ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. चेहरा सुजला होता पण मोकळा दिसत होता. त्यांनी मॅलकीला हाक मारली.

"मॅलकी, त्या अग्निशामकवाल्याकडे आजच नेऊन दे ती गाडी. मला ती दारात नको. आणि उद्या ऑबर्नला जाऊन एखादी साधी गाडी बघून ये, स्वस्तातली, लोक घेतात तसली. मला आता स्मशानात वरचेवर जावं लागेल. तू कुठं जायचं नाहीस."

मॅलकीनं बाईंकडं बघितलं, मग लोरेंझकडं. तळ्यातून गाडी ओढली तेव्हा दोराला तोही होता, आणि सुटे तुकडे कापडावर मांडताना शेजारी बसून त्यानं ते पुसलेही होते. तो फक्त "हो, बाईसाहेब," म्हणाला आणि बाहेर गेला.

इंजिन सुरू झालं, ते कळलंसुद्धा नाही इतकं हळू. खडीवर चाकं वाजली तेव्हा बाईंनी खिडकीकडं मान वळवली.

"फार वाईट गाडी होती ती, फाल्टर," त्या म्हणाल्या.

"हो, बाईसाहेब," लोरेंझ म्हणाला. "फार वाईट होती."